माफीचं कलम

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी आठला नणंदबाईंचा फोन. माणूस त्या वेळी दात घासत असतो, हे त्या बाईला आजवर कळलेलं नाही.

"वहिनी, ते ब्योनबाईंचं पुस्तक तू खरंच काढणार आहेस?"

काढणार आहे म्हटलं.

"मग विमा काढ. प्रकाशकांसाठी वेगळा असतो. कुणी बदनामीचा दावा ठोकला तर वकील कंपनी देते."

मला हसूच आलं. एकतीस वर्षांत या चॉन-हीने मला कॅन्सरचा विमा विकला, दातांचा विकला, छापखाना जळाला तर म्हणून आगीचा विकला. हे गेले तेव्हा एकोणपन्नासाव्या दिवसाच्या पूजेलासुद्धा तिच्या पर्समध्ये माहितीपत्रकं होती, मी पाहिली आहेत. या देगू शहरात प्रत्येक घरात एक विमावाली आत्या नाहीतर नणंद असते. नाही म्हटलं तर ती सणाला तोंड फिरवून बसते, म्हणून लोक घेतात. मीही घेते म्हटलं. सहा वर्षं एकटीने प्रकाशन चालवतेय, त्यात हे आणखी एक लोढणं.

पुस्तक मात्र असं आहे की हातातून सुटत नाही. ब्योनबाई अकरा वर्षं टेकडीवरच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची सेवा करत होत्या. शाळेच्या वह्यांत पेन्सिलीने लिहून आणलं. नाव 'सातव्या खोलीची पाळी'. दोन वेळची पातळ पेज, रात्रभर न बदललेले लंगोट, मऊ पट्ट्याने खाटेला बांधलेले हात, सगळं तारीखवार.

सासूबाई शेवटचे चौदा महिने त्याच सातव्या खोलीत होत्या. मी एवढंच म्हटलं होतं की ह्यांच्यामागे मला एकटीला झेपत नाही. आश्रम चॉन-हीने शोधला, सहीही तिचीच. आता वाच म्हणावं, कुठे ठेवलं होतंस आईला.

११ सप्टेंबर, गुरुवार

वाचलंन. हस्तलिखित परत आणलं ते त्रेचाळीस पिवळ्या चिठ्ठ्या लावून. माझ्या टेबलाशी, ह्यांच्या खुर्चीत बसून मला संपादन शिकवत होती.

"छप्पर निळं लिहिलंय. शहरात निळ्या छपराचा तो एकच आश्रम आहे. हिरवं कर."

"छप्पर निळं आहे."

"संचालक लंगडतो असं लिहिलंय. लंगडणं काढ."

"तो लंगडतो."

"वहिनी, खरं आहे म्हणून तर भीती. आपल्या कोरियात खरं लिहिलं तरी खटला होतो, हे तुला मी सांगायचं? लोकांच्या भल्यासाठी लिहिलं, हे कोर्टात पटवावं लागतं. ते काम वकिलाचं. कंपनी विचारते, कुणी ओळखू येईल का? मी काय लिहू?"

"लिही की प्रकाशिका आडमुठी आहे."

"ते कंपनीला माहीत आहे," म्हणाली. मेली हसलीसुद्धा नाही.

शेवटी लंगडणं काढलं, छप्पर ठेवलं. अर्धं ऐकलं की ती तासभर गप्प बसते. सातव्या खोलीच्या प्रकरणावर मात्र एकही चिठ्ठी नव्हती. पान एकशे बारा ओलं होऊन फुगलंय. विचारलं तर म्हणे पाणी सांडलं. दुसऱ्याचा कागद हाताळायची पद्धत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सासूबाईंचं वर्षश्राद्ध. थोरली सून मी, म्हणजे स्वयंपाक माझा. माशाचे, भोपळ्याचे, अळंब्यांचे काप अंड्यात घोळवून श्राद्धाचे जॉन तळत होते, तेलाचा धूर डोळ्यांत, आणि बाईसाहेब फाइल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. आजच सही हवी म्हणे.

मग कलमं वाचायला लागली. मोठ्याने! तेलाच्या आवाजावरून जावं म्हणून ओरडून.

"वहिनी, हे नीट ऐक. कुणाची तक्रार आली तर कंपनीला विचारल्याशिवाय माफी मागायची नाही, चूक कबूल करायची नाही, काही लिहून द्यायचं नाही. दिलंस तर विमा गेला."

"हं."

"ऐकलंस?"

"मासा करपतोय."

तिने पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. मी म्हटलं, तुझ्या आईचं श्राद्ध आहे, जरा लाज बाळग. मग म्हणते, इथे खाली तुझ्या हाताने लिहायचंय, 'मला समजावून सांगितलं, मला समजलं.'

"हात तेलाचे आहेत. तूच लिही."

"माझ्या हाताने चालत नाही, वहिनी. उद्या कुणी विचारलं तर माझी नोकरी जाईल."

"मग राहू दे विमा. जा."

मग ओट्याच्या कडेवर कागद ठेवून लिहिलं तिने, माझ्या नावाची सहीसुद्धा केली. मी भोपळा उलटत होते.

संध्याकाळी पूजेला सासूबाईंच्या फोटोपुढे ती नको तेवढा वेळ डोकं टेकून राहिली. सूप निवलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पुस्तक आलं. ब्योनबाई छापखान्याच्या दारातच एक प्रत उघडून उभ्या राहिल्या. "बाई, हे माझं नाव?" तुमचंच म्हटलं. त्यांनी पुन्हा बंद करून पिशवीत ठेवलं, पिशवीवर ओढणी ठेवली. त्यांना म्हटलं, आता लपवायचं नसतं, आता विकायचं असतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

दुसरी आवृत्ती छापायला टाकली! एका वाचकाचं पत्र आलं, त्याचे वडील पाचव्या खोलीत आहेत म्हणे, त्याने काल त्यांना घरी आणलं. ब्योनबाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

टपालखात्याच्या शिक्क्याची नोटीस. आश्रमाचे संचालक क्वाक. पुस्तक दहा दिवसांत मागे घ्या, माफी मागा, नाहीतर फौजदारी आणि दिवाणी दोन्ही.

कंपनीला कळवणं भाग, म्हणजे चॉन-हीला फोन. लगेच हुकूम सुरू.

"नोटिशीचा फोटो पाठव. कुणाशी बोलू नकोस. त्याचा फोन आला तर उचलू नकोस. शुक्रवारपर्यंत मी..."

"मी काय शाळेतली मुलगी आहे?"

"वहिनी, हा एक आठवडा फक्त माझं ऐक."

फोन ठेवला. माझ्या नवऱ्याचं प्रकाशन, माझं पुस्तक, आणि तोंड बंद ठेवायचं हिच्या परवानगीने!

६ नोव्हेंबर, गुरुवार

प्रकाशक संघाचे यॉम अध्यक्ष यांच्याकडे गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, पन्नास वर्षं या गल्लीत काढलेली. त्यांनी नोटीस वाचलीसुद्धा नाही.

"गेलात का त्याच्याकडे?"

"कशाला?"

"अहो प्योबाई, माणूस रागावलाय. फळांची पेटी घ्या, जा, गुडघे टेका, हाताने लिहिलेलं माफीपत्र द्या. टाइप केलेलं नाही, हाताने. त्यात पुस्तकाबद्दल एक शब्द नको, फक्त त्याच्या मनाला लागलं त्याबद्दल. तो दोनदा नको-नको करेल, तिसऱ्यांदा घेईल, चहा मागवेल. संपलं. मी आयुष्यात अशी सात प्रकरणं मिटवली. एकदाही वकील लागला नाही."

ह्याला म्हणतात अनुभव. चॉन-हीला विचारायचं मनात आलं होतं. पण ती काय म्हणणार ते माहीत आहे, आणि तिला विचारायचं म्हणजे तिच्यापुढे मान तुकवायची. त्यापेक्षा क्वाकपुढे तुकवलेली बरी, तो निदान नातेवाईक नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

नाशपतीची पेटी घेतली, एकेका फळाला पांढरी जाळी असते ती, सोनेरी कापडात बांधून. टेकडी चढताना फार दम लागला. इतकी उंच असेल असं वाटलं नव्हतं. छप्पर खरंच निळं आहे.

क्वाक दिसायला अगदी सज्जन. स्वेटर, चष्मा, खरंच लंगडतो. मी सतरंजीवर गुडघे टेकले. माफीपत्र दोन्ही हातांनी पुढे केलं. काल चार वेळा लिहून पाहिलं, अक्षर सुबक आलं होतं. 'आमच्या पुस्तकामुळे आपल्या मनाला झालेल्या दुःखाबद्दल अंतःकरणापासून क्षमा मागते. माझी चूक झाली.' खाली तारीख, शिक्का. आता माफीपत्रात 'माझी चूक झाली' नाही लिहायचं तर काय लिहायचं? वाढदिवसाच्या पत्रात शुभेच्छा असतात तसं ते असतंच.

"अहो उठा, उठा, हे काय!" तो म्हणाला. दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा घेतलं, वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. चहा मागवला, आल्याचा. म्हणाला, "आजकाल अशी माणसं राहिली नाहीत."

यॉम अध्यक्ष म्हणाले तसंच, पायरी न् पायरी. येताना मला इतकं हलकं वाटत होतं की बसने न येता चालत आले. आता चॉन-ही फोन करेल तेव्हा सांगेन, तुझी कंपनी राहू दे, मी मिटवलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चॉन-हीचे सहा फोन. उचलले नाहीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पोलिसांचं समन्स. मला आणि ब्योनबाईंना. दुपारी कोर्टाचे कागद. दाव्याला जोडलेला पहिलाच पुरावा म्हणजे माझं माफीपत्र. झेरॉक्सवरसुद्धा अक्षर सुबक दिसतंय. खाली वकिलाने लिहिलंय, 'प्रकाशिकेने मजकूर खोटा असल्याची लेखी कबुली दिली आहे.'

खोटा कुठे म्हटलं मी? कुठे म्हटलं?

यॉम अध्यक्षांना फोन केला. म्हणाले, "अरेरे. माणसं बदलली हो." आणि त्यांना मीटिंग होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीचं पत्र. कलम अमुक अन्वये विमा लागू नाही. तासाभरात चॉन-ही दारात. चपला काढायचीही शुद्ध नव्हती.

"तीनदा सांगितलं होतं, वहिनी! तीनदा!"

"मी तळत होते."

"सहा फोन केले!"

"तुझे फोन मी नेहमीच उचलत नाही."

"पण का गेलीस? माझ्यावर विश्वास नाही, ठीक आहे. कागदावर तरी ठेवायचा!"

मग मीही सोडली नाही. म्हटलं, तुझा कागद, तुझं कमिशन, आईला तिथे टाकलंस ते लपवायला हे पुस्तक तुला नकोच होतं. छप्पर हिरवं कर म्हणे!

ती एकदम शांत झाली. ओरडत होती तेव्हा बरी होती.

"मला नको असतं तर मी विमा काढून दिला असता का? हे पुस्तक दुसऱ्या कुठल्या प्रकाशकाने घेतलं असतं? कुणी नाही. मी दर रविवारी जायचे तिकडे. त्या दिवशी ते सगळं झाकून ठेवायचे, पट्टे काढायचे, मला काही दिसलं नाही. दर रविवारी जाऊन दिसलं नाही मला. ते या बाईने लिहिलं. ते छापलेलं राहिलं पाहिजे."

मग दारातून मागे वळली.

"आणि नाशपती घेऊन टेकडी चढलीस ना, वहिनी? चौदा महिने आई होती वर. एक तरी नाशपती नेलीस?"

गेली. दार उघडंच टाकून. उत्तर आता सुचतंय, पण लिहावंसं वाटत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

वकिलाकडे जाऊन आले. त्याचं म्हणणं साधं आहे. पुस्तक लोकांच्या भल्याचं आहे हे सिद्ध होईल, पण अकरा वर्षांच्या पाळ्या, साक्षीदार, दवाखान्याचे कागद, वर ते माफीपत्र. दोन-तीन वर्षं लढावं लागेल, आणि ते माझ्या कुवतीबाहेर आहे. विमा असता तर गोष्ट वेगळी होती, म्हणाला.

क्वाकचा निरोप वकिलामार्फत आलाय. सगळ्या प्रती कापून लगदा करा, आणि ब्योनबाईंनी हाताने लिहून द्यावं की सगळं मनाचं रचलं. मग तक्रार मागे. मुदत पाच डिसेंबर.

ब्योनबाईंना सांगितलं. मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"बाई, तुमचं घर जात असेल तर कापा पुस्तकं. कागद तुमचा आहे. पण मी रचलं असं नाही लिहिणार. तुरुंगात घाला म्हणावं. सातव्या खोलीतल्या त्या सगळ्या मेल्या, बाई. आता मीच खोटी म्हटलं तर त्या कुठेच नव्हत्या असं होईल."

मी त्यांच्यावर ओरडले. तुम्हाला सोपं आहे, म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना माझा कप विसळून ठेवून गेल्या. दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या.

१ डिसेंबर, सोमवार

विमा कंपनीच्या चौकशी विभागाकडून फोन. बुधवारी या, एजंटविरुद्ध तक्रार आहे, तुमचा जबाब हवा. मी म्हटलं, मी कसलीही तक्रार केलेली नाही. "तक्रार एजंटने स्वतःच केली आहे," तो म्हणाला.

चॉन-हीला फोन लावला. पहिल्या घंटेला उचलला.

"हा काय नवा तमाशा?"

"ऐक. कलम एजंटने समजावलं नसेल तर कंपनीला त्या कलमाआड लपता येत नाही. कायदाच आहे. 'मला समजलं' हे अक्षर माझं आहे, सहीही माझी आहे, ते सिद्धच होतंय. मी लिहून दिलंय की वहिनीला मी काही सांगितलं नाही, घाईत स्वतःच लिहून टाकलं."

"पण तू सांगितलंस! ओरडून सांगितलंस!"

"कुणी ऐकलं? तू, मी आणि फोटोतली आई."

"तुझी नोकरी?"

"परवाना जाईल. सत्तावीस वर्षं झाली, पाय दुखतात आता."

"मला तुझे उपकार नकोत."

"तुझ्यावर कोण करतंय? बुधवारी विचारतील तेव्हा 'नाही सांगितलं' एवढंच म्हण. आयुष्यात एकदा माझं ऐक. आणि जास्त बोलू नकोस, तू बोलायला लागलीस की सगळं उलटं होतं."

मी फोन आपटला. बघा, डाव कसला! आता जन्मभर हिने मला वाचवलं असं होणार. सणाला येऊन बसेल, काही बोलणार नाही, आणि ते न बोलणंच मला ऐकावं लागेल. नाही जाणार मी. किंवा जाऊन खरं सांगेन, की तिने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. बसेल मग हात चोळत.

२ डिसेंबर, मंगळवार

खरं सांगितलं तर पुस्तक जातं. खोटं सांगितलं तर ती जाते. दिवसभर एक पान प्रूफ वाचून झालं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

सातव्या मजल्यावरची बिनखिडकीची खोली. चौकशीचा माणूस चाळिशीचा, सभ्य, टायवर कसलासा डाग. त्याने कागद पुढे सरकवला.

"श्रीमती प्यो, हे अक्षर तुमचं?"

"नाही."

"सही?"

"नाही."

"बांग चॉन-ही यांनी लेखी दिलंय, वाचून दाखवतो. 'वहिनीला मी हे कलम समजावलं नाही. ती कामात होती. तिला थांबवून समजावणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.' हे बरोबर आहे?"

मी तोंड उघडलं. आत सगळं तयार होतं. ती दारात उभी होती, तीनदा वाचलंन, तिसऱ्यांदा तर घसा बसला होता तिचा, मीच तिला लाज बाळग म्हटलं. सगळं खरं, तारीखवार. बाहेर ब्योनबाई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी.

"थोडा वेळ हवाय का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे. तिने सांगितलं नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

त्याने लिहून घेतलं, मला वाचायला दिलं. या वेळी मी प्रत्येक ओळ वाचली आणि माझ्या हाताने सही केली. तो म्हणाला, कंपनी वकील देईल, आठवडाभरात कळवू. एजंटवर कारवाई होईल, त्रासाबद्दल क्षमस्व. वर उठून वाकलासुद्धा.

बाहेर आले तर चॉन-ही लिफ्टपाशी उभी. गळ्यातलं ओळखपत्र काढून नाडी बोटांना गुंडाळत होती.

"काय म्हणालीस?"

"तू म्हणालीस तेच."

"आणखी काही बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस. नव्या वकिलाला सातव्या खोलीपासून सुरू करायला सांग. आणि ब्योनबाईंना आधी काहीतरी खायला घाल, सकाळपासून तशाच बसल्यात."

आजसुद्धा हुकूमच. मला नेहमीसारखा संताप आला. तिला काहीतरी लागेल असं बोलावं म्हणून शोधत राहिले, तेवढ्यात लिफ्ट आली आणि ती माझ्याकडे न बघता आत शिरली. ब्योनबाई उठून तिच्या दिशेने कमरेत वाकल्या. मी सरळच उभी होते.

एकतीस वर्षांत मी तिचं पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही तिला बुडवायला.